सोनं जांभळं का पडायचं

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. निवृत्तीच्या समारंभात टाळलं. दिल्लीतल्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाने 'माझे संशोधन' या विषयावर लेख मागितला, तेव्हा डोळ्याचं ऑपरेशन आहे असं सांगून टाळलं. ते ऑपरेशन पुढे खरंच करावं लागलं, पण तो भाग वेगळा. एकदा नातवाने विचारलं, "आजोबा, आप लॅब में एक्झॅक्टली करते क्या थे?" तर त्याला आइस्क्रीम खायला घेऊन गेलो.

टाळणं अवघड झालं ते एका शालीमुळे. मंडळाने परवा आम्हा ज्येष्ठांचा सत्कार केला. माझी ओळख करून देणाऱ्या बाईंनी कागदावरून वाचलं, "प्रकाश आणि द्रव्य यांच्यातलं अतिसूक्ष्म पातळीवरचं नातं सरांनी उलगडून दाखवलं. त्यामागे होती त्यांची अपार चिकाटी आणि काटेकोर स्वच्छता." टाळ्या पडल्या, शाल अंगावर आली. 'स्वच्छता' ऐकून पहिल्या रांगेतली माझी बायको अशा अभिमानाने हसली, की मला ती शाल टोचायला लागली.

तर आता जे घडलं ते घडलं तसं लिहितो.

आधी ते संशोधन काय होतं ते सांगायला हवं. घाबरू नका. मी आयुष्यभर हेच सांगत आलो आहे. ऐकणारे झोपले असतील, पण दगावलं कोणी नाही.

सोनं आपल्याला पिवळं माहीत आहे. पण तेच सोनं इतकं बारीक केलं, की केसाच्या रुंदीत त्याचे हजारो कण ओळीने बसतील, आणि ते कण पाण्यात तरंगत ठेवले, तर ते पाणी लाल दिसतं. स्वच्छ, पारदर्शक, कोकम सरबतासारखं. सोन्यात मोकळे फिरणारे इलेक्ट्रॉन असतात. प्रकाश पडला की ते हिंदकळतात, भरलेली बादली घेऊन चालताना पाणी हिंदकळतं तसे. तो लाल रंग म्हणजे त्या हिंदकळण्याचा रंग.

खरी गंमत दोन कण शेजारी आणल्यावर सुरू होते. त्यांच्यात एखाद्या रेणूपुरती फट ठेवली, तर प्रकाश त्या फटीत एकवटतो, आणि तिथे अडकलेला रेणू, ज्याचा आवाज एरवी कोणाला ऐकू आला नसता, तो मोठ्याने बोलायला लागतो. मी विद्यार्थ्यांना सांगायचो, आमच्या नोएडाच्या सोसायटीत दोन बाल्कन्यांच्या मधे जेवढी जागा आहे ना, तिची ही छोटी आवृत्ती समजा. बातमी घरात असते तोवर कुजबुज असते. त्या जागेत आली की पार्किंगपर्यंत ऐकू जाते.

ती फट हवी तेवढी ठेवता येईल का, एवढंच माझं काम होतं. पण त्याआधी एक साधी अट होती. पाणी लाल राहायला हवं. कण आपापले, सुटे राहिले तर लाल. पाण्यात थोडे क्षार जरी आले, तरी ते एकमेकांना चिकटतात, त्यांचे गठ्ठे होतात आणि लाल रंग जांभळा पडतो. मग निळसर होतो. मग सगळं सोनं काळ्या गाळासारखं तळाशी बसतं आणि वर उरतं ते साधं पाणी, आपला काही संबंध नसल्यासारखं.

हे काम मी ज्या मुलीला दिलं, ती उदगीरहून आली होती. वडील तिथे शिवणकाम करायचे. पीएच.डी.च्या पहिल्याच दिवशी तिने मला विचारलं, "सर, सोनं लॅबचं असतं का आपण आणायचं?"

"लॅबचं," मी म्हटलं.

"बरं झालं. आई म्हणाली होती आधी विचारून घे."

तिचा हात मी पहिल्या आठवड्यातच पाहिला होता. उकळत्या द्रावणात थेंब टाकताना ती श्वास रोखायची, आणि थेंब असे पडायचे जसे शिलाईचे टाके. तिने केलेलं पहिलं लाल पाणी मी खिडकीत धरून पाहिलं आणि बाहेरच्या लोकांना बोलावून दाखवलं. शेजारच्या लॅबमधले बंगाली प्राध्यापक म्हणाले, "अरे वाह, ये तो रूह अफ़ज़ा है." आमच्या क्षेत्रात याहून मोठी प्रशंसा सहसा मिळत नाही.

त्याच सुमाराला आमचं अतिशुद्ध पाण्याचं यंत्र बंद पडलं. त्याचं फिल्टर संपलं होतं, आणि नव्या फिल्टरची फाइल इमारतीच्या यात्रेला निघाली होती. ती परत येईपर्यंत तळमजल्यावरच्या जुन्या यंत्रातून डिस्टिल्ड वॉटर आणायचं ठरलं. दोन मोठे कॅन भरून यायचे. पण बाकीच्या लॅबची मुलं ते पाणी पळवायची. म्हणून मी दोन्ही कॅन माझ्या खोलीत, कपाटात, कुलूप लावून ठेवले. किल्ली माझ्या खिशात. पाण्याची चोरी होऊ नये म्हणून मी इतका पक्का बंदोबस्त केला, की चोरी करायला फक्त मीच उरलो.

नोएडात उन्हाळ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही. घरोघरी इन्व्हर्टर, आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीला डिस्टिल्ड वॉटर लागतं. एका शुक्रवारी बायकोचा फोन आला, "येताना बॅटरीचं पाणी आणा हो." दुकान वाटेवर होतं, पण तिथे गाडी लावायला जागा नव्हती. आणि इकडे माझ्या कपाटात दोन कॅन. बॅटरीला असं लागून लागून किती लागणार? मी एक कॅन डिकीत टाकला.

दुसऱ्या दिवशी समोरच्या पंजाबी भाभींनी बेल वाजवली. "भाईसाहब, सुना है आपके पास सायन्सवाला पानी है?" माझ्या बायकोचा हात मोकळा. भाभींची बॅटरी भरली, मग त्यांच्या नणंदेची, मग खालच्या मजल्यावरच्या रिटायर्ड कर्नलची. कर्नलनी लिफ्टमध्ये माझा हात हातात घेऊन सांगितलं, "प्रोफ़ेसर साहब, बॅटरी जवान हो गई." जून येईपर्यंत आमच्या अख्ख्या टॉवरचा अंधार माझ्या लॅबने दूर केला होता. कॅन शुक्रवारी माझ्याबरोबर घरी जायचा आणि सोमवारी माझ्याबरोबर परत यायचा.

इथे एक गोष्ट मी विचारायला हवी होती, आणि ती मी विचारली नाही. इतक्या बॅटऱ्या भरून कॅन सोमवारी भरलेला कसा असायचा?

सोमवारी तो डिकीत चढवताना हाताला जड लागायचा. आणि तो जड लागला की मला बरं वाटायचं. वाटायचं, फारसं काही नेलेलं नाही. भांडं भरलेलंच आहे, म्हणजे चोरीही नावापुरतीच आहे. पदार्थ गेला कुठे आणि आला कुठून, हा रसायनशास्त्रातला पहिला प्रश्न. दर वर्षी नव्या मुलांना मी तो पहिल्या तासाला शिकवायचो. स्वतःच्या गाडीच्या डिकीशी उभा राहून मात्र तो मला एकदाही पडला नाही.

आणि लॅबमध्ये सोनं जांभळं पडायला लागलं.

पहिल्यांदा झालं तेव्हा ती म्हणाली, "सर, काहीतरी चुकलं माझं." तिने सगळी काच सोनंसुद्धा विरघळवणाऱ्या अ‍ॅसिडने धुतली. पुन्हा केलं. पुन्हा जांभळं. मी नियम काढले. हाताला क्रीम नको. केसांना तेल नको. बांगड्या नकोत. डबा लॅबच्या मजल्यावर उघडायचा नाही, कारण लोणच्यात मीठ असतं. मग दिल्लीची धुळीची हवा आली, तेव्हा मी खिडक्यांच्या फटींना टेप लावून घेतली. ती डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, हातात दुहेरी मोजे घालून काम करायची. एकदा कुरियरवाला दार उघडून आत आला, तिला बघून "सॉरी डॉक्टर" म्हणाला आणि पार्सल न देताच पळाला.

तरी जांभळं. आणि कधीकधी लाल. वेड लावणारी गोष्ट ती होती. कधीकधी अगदी सुरेख लाल.

"किती वेळा धुतलीस काच?" मी सगळ्यांसमोर विचारायचो.

"सर, आता काच उरली नाही, नुसतं धुणं उरलंय."

बाकीची मुलं हसायची. मी हसायचो नाही. मी प्राध्यापक होतो.

मग एक दिवस आमच्या आठवड्याच्या बैठकीत ती उभी राहिली. मोजे काढलेले, हात मागे बांधलेले. म्हणाली, "सर, एक बघितलंय मी. सोमवारी केलेलं बिघडतं. कधी मंगळवारीही. पण गुरुवार-शुक्रवारी केलेलं चांगलं राहतं."

आता मागे वळून पाहताना कळतं, की माझ्या पूर्ण कारकिर्दीत माझ्या लॅबमध्ये कोणी केलेलं हे सर्वांत उत्तम निरीक्षण होतं. आठवड्याच्या मध्यात तळमजल्यावरून ताजं पाणी यायचं, त्याचं सोनं लाल राहायचं. सोमवारी माझ्या गाडीतून आलेला कॅन उघडला जायचा. ती मुलगी सोनं, प्रकाश, धूळ, लोणचं सगळं ओलांडून बरोबर माझ्या डिकीपाशी येऊन उभी राहिली होती.

मी काय म्हणालो ते लिहायला हात जड होतो, पण लिहितो. मी म्हणालो, "मग सोमवारचा उपवास धर."

सगळे हसले. मला उत्साह आला. "रविवारी मैत्रिणींबरोबर फिरतेस, सोमवारी हात थाऱ्यावर नसतो. वार सोन्याला कळत नाही बाई, हाताला कळतो."

ती खाली बसली. बैठक संपल्यावर माझ्या खोलीच्या दारात आली. "सर, एकदा पाणी बदलून बघू का? शेजारच्या लॅबचं मागून आणते."

खरं सांगतो, तेव्हाही मला पाण्याचा संशय आला नव्हता. मला भीती वाटली ती वेगळीच. पाण्याची चौकशी सुरू झाली तर कॅन कुठे जातो याची होईल. रूह अफ़ज़ावाल्या प्राध्यापकांना कळेल की मी संस्थेच्या पाण्यावर सोसायटी चालवतो.

"पाणी माझ्या खोलीत असतं," मी म्हणालो. "कुलुपात असतं. पाण्यावर शंका म्हणजे माझ्यावर शंका."

"नाही सर, तसं नाही. सॉरी सर."

पुढचं झरझर घडलं. तिच्या शिष्यवृत्तीची मुदत संपत आली. मुदत वाढवायची तर समितीपुढे मार्गदर्शकाने तिच्या बाजूने बोलायला लागतं. समितीतल्या एकाने विचारलं, "मुलगी कशी आहे?" मी म्हटलं, "हुशार आहे, कष्टाळू आहे. पण प्रयोगाला हात लागतो, तो नाही तिच्याकडे." दार अर्धवट उघडं होतं आणि ती बाहेरच्या बाकावर बसली होती. मला ते आत जातानाच माहीत होतं.

मुदत मिळाली नाही. तिने काही तमाशा केला नाही. स्वतःच्या टेबलावरची प्रत्येक काचेची वस्तू धुऊन, पुसून, उलटी घालून गेली. राजेंद्र नगरला एका खोलीत चौघींबरोबर राहून यूपीएससीच्या मागे लागली असं नंतर ऐकलं. आपल्याकडची गावोगावची मुलं तिथे येतातच, त्यात ही आणखी एक.

त्यानंतर काही दिवसांतली गोष्ट. रविवारी सकाळी मी पेपर वाचत होतो आणि बायको स्वयंपाकघरात होती. पाण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला म्हणून डोकावलो. लॅबचा कॅन ओट्यावर, आणि आरओची नळी त्याच्या तोंडात.

"अगं, हे काय करतेस?"

"भरतेय. उद्या न्यायचाय ना तुम्हाला?"

"भरतेस म्हणजे?"

"मग काय रिकामा पाठवू? दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करतात का? नेहमीच भरते मी."

"नेहमी?"

"अहो, असे काय बघताय? आरओचं आहे. नळाचं नाही घातलं. तुम्ही हेच पिता की रोज. आणि केव्हाच ते मिनरलचं पण बसवून घेतलंय, चव बघा."

मी चव बघितली नाही. ओट्याला टेकून उभा राहिलो. ती चवीची नळकांडी पाण्यात क्षार सोडते, मोजून सोडते, माणसाच्या हाडांसाठी. माझ्या सोन्याला हाडं नव्हती. जितका जास्त आमच्या टॉवरमध्ये उजेड, तितकं जास्त आमच्या घरचं पाणी त्या कॅनमध्ये.

"बरं वाटत नाहीये का?" बायकोने विचारलं.

"काही नाही. भर."

तो कॅन मी सोमवारी न्हाणीघरात ओतून दिला. नवीन फिल्टर यायला अजून अवकाश होता. तळमजल्याचं पाणी थेट लॅबमध्ये न्यायला लावलं, आणि बॅटरीसाठी दुकानातून बाटल्या आणायला लागलो, गाडी लांब लावून. कर्नल म्हणाले, "प्रोफ़ेसर साहब, आजकल पानी में वो बात नहीं."

सोनं लाल राहिलं. नंतर आलेल्या मुलाने तिचीच पद्धत वापरली, थेंबाथेंबापर्यंत तिचीच. निबंध छापून आला, आणखी एक आला. लोक विचारायचे, "हे कसं जमवलंत?" मी म्हणायचो, "चिकाटी. आणि स्वच्छता." आधी हे बोलताना जीभ अडखळायची. पुढे सवय झाली. सत्कारातल्या त्या बाईंनी काही मनचं वाचलं नाही, माझंच वाक्य मला परत दिलं.

तेव्हा मी तिला शोधून का नाही सांगितलं? मी स्वतःला कारणं दिली. परीक्षेचा अभ्यास चाललाय, मन विचलित होईल. मग ती पास झाली, तेव्हा म्हटलं, आता तिचं चांगलं चाललंय, उकरून काय मिळणार. शिवाय बायकोला वाईट वाटेल. ही सगळी कारणं चांगली होती. मी ती तपासून घेतली होती, आणि त्यातलं एकही खरं नव्हतं.

म्हणून इथे स्पष्ट लिहितो: त्या मुलीचा हात उत्तम होता. माझ्या लॅबमधून गेलेल्या कोणाहीपेक्षा उत्तम. चूक पाण्याची होती, आणि पाणी मी आणलं होतं.

कस्तुरबा गांधी मार्गावरच्या अतिथिगृहात सत्कार झाला, त्या दिवशी ती तिथे आली होती. जेवणाच्या रांगेत मागून आवाज आला, "सर, ओळखलंत?" केसांत थोडं पांढरं, गळ्यात सरकारी ओळखपत्र. वाकून नमस्कार केला. म्हणाली, "बाई अगदी खरं बोलल्या हं सर, स्वच्छतेचं. मी सगळ्यांना सांगते." आणि लक्ष्मीबाई नगरचा पत्ता दिला. "रविवारी याच."

त्या रात्री मी बायकोला सगळं सांगितलं. ती पलंगावर उठून बसली.

"म्हणजे माझ्यामुळे झालं?"

"तुझ्यामुळे नाही. मी नेलं म्हणून झालं."

तिने कपाळावर हात मारला आणि म्हणाली, "आणि मी सगळ्या सोसायटीला सांगत सुटलेय, की आमच्या आरओचं पाणी दिल्लीच्या लॅबमध्ये चालतं!"

"ते चाललं नाही, एवढंच मी सांगतोय."

"मला काय सांगताय? तिला सांगा. फोनवर नको, जाऊन सांगा. आणि भाषण करू नका. तुम्ही माफीसुद्धा फळ्यावर लिहून मागाल."

रविवारी मेट्रोत बसून मी वाक्यं जुळवत होतो. पहिलं वाक्य फार लांब झालं, त्यात पाण्याचं तापमानही आलं. दुसरं फार छोटं झालं. तिसरं बहुधा मोठ्याने म्हटलं गेलं, कारण शेजारचा माणूस कानातली वायर काढून म्हणाला, "जी अंकल? मुझसे कुछ ग़लती हुई?"

"नहीं बेटा, मुझसे हुई."

"कोई बात नहीं अंकल," तो म्हणाला आणि वायर पुन्हा कानात घातली. एवढी सोपी माफी मला त्या दिवशी नंतर कुठेच मिळाली नाही.

तिचं सरकारी क्वार्टर वरच्या मजल्यावर होतं. दार तिच्या मुलाने उघडलं. सहा-सात वर्षांचा. माझ्याकडे नीट बघून आत ओरडला, "मम्मा! वो वाले सर आ गये, जिन्होंने आपको निकाला था!"

"अरे गधड्या!" ती धावत आली. "निकाला नहीं, रस्ता दाखवला. या सर, या. इथे वाढलाय ना, मराठी अर्धवट आणि तोंड पूर्ण."

तिचा नवरा सोलापूरचा, तोही केंद्र सरकारात. त्याने पाणी आणून दिलं आणि म्हणाला, "सर, ग्लास बघा. तीनदा धुतलाय. आमच्या घरात कप वाळतच नाहीत. भांडीवाल्या दोन बायका काम सोडून गेल्या. म्हणतात, मॅडम धुतलेलं परत धुतात. काय शिकवलंत हो हिला?"

"चुकीचं नाही शिकवलं," ती म्हणाली. "माझ्या हाताचं सरांना तेव्हाच कळलं होतं."

मी ग्लास खाली ठेवला. "ते हाताचंच मला—"

"आजोबा," मुलगा मधेच आला, "आप सायंटिस्ट हो ना? मेरा स्कूल का प्रोजेक्ट करवाओगे?"

शाळेतून रंग बदलणारा प्रयोग सांगितला होता. मी म्हटलं, हळद आणा आणि साबणाचं पाणी आणा. कागदाला हळद लावली, वाळवली. नवरा वाटी घेऊन आला, मुलगा टेबलावर चढून बसला. ती मात्र दाराच्या चौकटीपाशी उभी राहिली, हात मागे बांधून.

"ये ना," मी म्हटलं. "थेंब तू टाक."

"नको सर."

"अगं, साबणाचं पाणी आहे."

"मुलाचे प्रयोग यांच्याकडे," तिने नवऱ्याकडे मान केली. "मी हात लावत नाही. माझा हात लागला की बिघडतं." हे ती हसत म्हणाली. घरात सगळ्यांना पाठ असलेला विनोद म्हणतात तसं.

ही मोठी अधिकारी. हिच्या सहीने कुठल्याकुठे रस्ते होतात. आणि स्वतःच्या मुलाच्या हळदीच्या कागदावर साबणाचा थेंब टाकायला ती धजत नव्हती. मी खुर्चीतून अर्धा उठलो. "ऐक. तुझ्या हाताला काहीही—"

"लाल हो गया!" मुलगा किंचाळला. त्याने आख्खी वाटी ओतली होती. कागद, टेबलक्लॉथ आणि माझ्या पँटचा गुडघा, तिन्ही लाल. नवरा फडकं आणायला धावला. ती म्हणत होती, "सर, लिंबू लावते, जाईल, लिंबाने जातं ना सर?" जातं. ते रसायनशास्त्र बरोबर होतं. पुढचा अर्धा तास माझ्या गुडघ्यावर लिंबू चोळण्यात गेला, आणि गुडघ्यावर लिंबू चोळून घेत असताना माणसाला गंभीर असं काही बोलता येत नाही.

मग पोहे झाले, चहा झाला. नवऱ्याने ऑटो बोलावली. ती मला सोडायला खाली आली. जिना उतरताना मी ठरवलं, शेवटच्या पायरीवर सांगायचं. शेवटची पायरी आली आणि तीच बोलली.

"सर, एक विचारू? इतकी वर्षं मनात आहे. रागावणार नाही ना?"

"विचार की."

"तेव्हा नक्की काय चुकत होतं माझं? काच मी खरंच धुवायची हो सर. खरंच."

तिने ऑटोच्या दांडीवर हात ठेवला होता. मला कुठलंच वाक्य जुळवायची गरज नव्हती. तिने ते अर्धं जुळवून माझ्या हातात दिलं होतं. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं, आणि तिच्या तोंडावर इतका विश्वास होता, की मी सांगेन ते ती आता जन्मभर मानेल.

"हवा," मी म्हणालो. "दिल्लीची हवा फार वाईट आहे."

तिने मान हलवली. "हवाच असणार सर. मलाही तसंच वाटायचं." पण तिला तसं वाटत नव्हतं. तिला सोमवार वाटला होता.

"चलें, सर?" ऑटोवाल्याने विचारलं.

ती जिन्याकडे वळली. दोन पायऱ्या चढली असेल तेवढ्यात मी मान बाहेर काढून हाक मारली, "अगं, ऐक!"

ती थांबली. "हं, सर?"

"अगं, ते तेव्हा मी जे—"

ती परत खाली यायला लागली, माझं ऐकायला, पदर सावरत, घाईघाईने.

"नको, नको, खाली नको येऊस," मी म्हणालो. "काही नाही. पोहे छान झाले होते."